पलीकडून धरलेली काच

दिवा राहू दे चालू. आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. हे माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेल्या वायरमनच्या बाबतीत घडलंय. त्याला खोटं बोलता येत असतं, तर तो केव्हाच मुकादम झाला असता.

गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाने आपला रिकामा फ्लॅट याच्या नावावर करून दिला. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं आम्ही सगळेच म्हणालो. घर ठाकठीक होतं. फक्त बाथरूममध्ये शॉवरच्या कोपऱ्याला आडोशाची काच असते ना, ती फुटलेली. "माझ्याच हातून बादली आपटली रे," दादा म्हणाला.

वायरमनने विचार केला, कारागीर कशाला, आपणच बसवू. नऊ नोव्हेंबर, शनिवार. बायको आणि पाच वर्षांची पोर सकाळी राहायला येणार, म्हणून रात्रीच काम उरकायचं होतं. पण काच पंचेचाळीस किलोची, ती काही एकट्याने पेलणारी नव्हे. "नऊला येतो," असं दादाने सांगितलं होतं. दहा वाजून गेले. फोनही उचलेना.

शेवटी यानेच कंबर कसली. जुन्या काचेचे खडे वेचले, अगदी मोरीच्या जाळीत अडकलेलेसुद्धा. मग नवी काच उभी केली. तिला अलीकडच्या अंगाने कागद चिकटवलेला, त्यामुळे आरपार दिसत नव्हतं. कड उचलून भिंतीवरच्या पट्टीत सारायला गेला, आणि काच कलली. हात सुटणार...

सुटले नाहीत. पलीकडून कुणीतरी तोलली.

"आलास दादा? जीव भांड्यात पडला बघ!"

"हं."

"जरा वर घे... अजून... हां, सोड आता."

काच अलगद बसली. मग त्याच्या लक्षात आलं. आत जायला वाट एकच. त्या वाटेत तो स्वतः उभा होता.

त्याने कागद ओरबाडला.

कुणी नव्हतं.

फोन वाजला. दादा.

"अरे, मला काही यायला जमलं नाही..."

"मग काच कुणी धरली?"

पलीकडून अगदी हळू, "तिने तुला काही केलं नाही ना?"

"तिने? कोण ती? बोल दादा."

"भाडेकरू होती. एकटीच राहायची. त्या काचेवर पडली... तीन दिवस कुणाला कळलं नाही. नंतर मीही एकदा गेलो होतो, नवी काच बसवायला..."

"उद्या माझी पोर तिथे आंघोळ करणार होती. तुला माहीत होतं. म्हणून तू आला नाहीस."

फोन यानेच ठेवला. उजाडेपर्यंत जिन्यात बसून राहिला. बायको-पोरीला त्याने त्या घराची पायरी चढू दिली नाही, आणि भावाचं दार आजतागायत पाहिलं नाही. मला सगळं सांगताना त्या बाईचं नुसतं सांगून गेला. दादाचं नाव आलं, तेव्हा मात्र उठून बाहेर गेला.

त्या सकाळी हत्यारं आणायला मी सोबत गेलो. काच जागेवर होती. काच आणि भिंत यांच्यामधली फट सिलिकॉनने भरायची असते. ते काम त्याने केलंच नव्हतं. ट्यूब पिशवीत तशीच, तोंडही न कापलेली.

फट भरलेली होती. खालपासून वरपर्यंत. आतल्या बाजूने. बोट फिरवून सारखी केलेली... बारीक बोट.

मी नखाने दाबून पाहिलं.

अजून ओलं होतं.