राखी जंगलवीर

“हा नंतर रंगवलेला आहे. प्रदर्शनात ठेवता येणार नाही,” मुकादम म्हणाले आणि आजोबांचा जंगलवीर त्यांनी टेबलावर परत सरकवला.

भिंगरीला वाटलं, आता आजोबा चांगलं सुनावतील. पण त्यांनी बाहुला रुमालात गुंडाळला, खिशात टाकला आणि वाचनालयाच्या पायऱ्या उतरायला लागले. मागून भिंगरी, तिचा मावसभाऊ गोटू आणि गोटूची धाकटी बहीण पिटुकली, तिघांचीही तोंडं एवढीएवढीशी झालेली.

सुट्टी लागल्यापासून तिघांच्या डोक्यात एकच खूळ होतं, जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन. गावात पूर्वी खेळण्यांचा कारखाना होता आणि तिथला जंगलवीर घरोघरी असायचा. हातपाय फिरणारा, टोपीवाला, खाकी कपड्यांचा. आजोबांनी कपाटातून काढलेला मात्र चक्क राखी होता! आजोबा त्याच कारखान्यात मशीनवर होते, आणि प्रदर्शनात काय ठेवायचं हे ठरवणारे मुकादम तेव्हाही तिथले मुकादमच होते.

घरी आल्यावर आजोबांनी रुमालाची गुंडाळी पिटुकलीच्या हातात दिली. “घे, खेळ. मला मात्र पुन्हा दाखवू नकोस.”

“आजोबा, हा राखी झाला तरी कसा?” भिंगरीने विचारलं. उत्तर मिळाल्याशिवाय ती जागची हलणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आजोबा खुर्चीत टेकले. “मुकादमाने सांगितलं, राखी लाव. मी प्लॅस्टिकच्या दाण्यांत राखी रंग मिसळला. संध्याकाळी खोक्यावरचं चित्र आलं, तर त्यात जंगलवीर खाकी. म्हटलं, घोळ झाला. सगळे बाहुले चक्कीत दळून वितळवले आणि त्या प्लॅस्टिकचे काळे बूट बनवले. हा एक तेवढा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर तो म्हणतो, मी राखी म्हणालोच नाही, तू थापा मारतोस. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आज पुन्हा तेच झालं, तेही तुमच्यादेखत.”

भिंगरीच्या मनात आलं, आपले आजोबा खोटं बोलत नाहीत, हे आपल्याला माहीत असून काय उपयोग? ते सगळ्यांना कळायला हवं होतं.

तेवढ्यात पिटुकलीने भोकाड पसरलं. “मी काही नाही केलं, तो आपोआप निघाला!” जंगलवीराचा हात तिच्या मुठीत होता. आतलं जुनं रबर तुटलं होतं.

“थांब, थांब, दे इकडे,” म्हणत भिंगरीने बाहुला उजेडात धरला. खांद्याची खोबण आतूनही राखीच होती, आणि निघालेल्या हाताचं टोकही.

“इथे ब्रश जाईल कुणाचा?” ती म्हणाली. “हा रंगवलेला नाहीच. रंग प्लॅस्टिकमध्येच आहे.”

“म्हणजे थापा मुकादम मारतात,” गोटूने निकाल देऊन टाकला.

स्वयंपाकघरात मावशीने मिक्सर लावला आणि तिथूनच ओरडून विचारलं, “बाबा, तुमचा खाकी शर्ट इस्त्रीला देऊ का?”

“राखी?” आजोबा कपाळाला आठ्या घालून म्हणाले. “माझ्याकडे राखी शर्ट आहे कुठे?”

भिंगरी ताडकन उठली. “आजोबा, मुकादमांनी रंग सांगितला तेव्हा चक्की चालू होती का?”

“ती कधी बंद असायची?”

भिंगरीला हसू आवरेना. “गोटू, कुणीच थापा मारत नाही रे. मिक्सर उचल.”

मावशीने बरीच कुरकुर केली, पण मिक्सर दिला. आजोबांना तर जवळजवळ ओढूनच न्यावं लागलं.

वाचनालयात मांडामांड चालू होती. भिंगरीने आधी खांद्याची खोबण मुकादमांच्या नाकासमोर धरली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि घसा खाकरला. “हं. रंगवलेला दिसत नाही. पण मी राखी म्हणालो नव्हतो, म्हणजे नव्हतो.”

“तुमचे कान अजून तेज आहेत का हो?” भिंगरीने अगदी भोळेपणाने विचारलं.

“म्हणजे काय? भर चक्कीत मला कुजबुज ऐकू यायची.”

“मग गोटू तिकडून एक रंग सांगेल. तुम्ही ओळखायचा.”

मुकादम ऐटीत खिडकीशी उभे राहिले. शेजारी वाचनालयाच्या बाईही गंमत बघायला थांबल्या. पिटुकलीने मिक्सर सुरू केला, आणि दाराशी उभ्या असलेल्या गोटूने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली.

“राखी!” मुकादम लगेच म्हणाले.

“मलाही राखीच ऐकू आलं,” बाई म्हणाल्या.

मिक्सर बंद झाला. दाराशी खुर्च्या लावणारा शिपाई हसायला लागला. “अहो, पोरगा खाकी म्हणाला. माझ्या कानात ओरडला की!”

मुकादम सावकाश चालत आजोबांपाशी आले. “राखी म्हणालो असेन रे मी.”

“नाही,” आजोबा म्हणाले. “तू खाकीच म्हणाला असशील. मला राखी ऐकू आलं.”

“आता यावरून नव्याने भांडू नका हं,” पिटुकली म्हणाली, आणि दोघे म्हातारे इतके हसले की आजोबांना डोळे पुसावे लागले.

मुकादमांनी भिंगरीची पाठ थोपटली. “आम्ही मोठी माणसं नुसती भांडत बसलो. तुम्ही पोरांनी मिक्सर लावून बघितलात. शाबास!”

जंगलवीराला नवं रबर बसलं आणि त्याला सगळ्यांत पुढच्या कपाटात जागा मिळाली. बाहुल्याखाली ठेवायला पाटी हवी होती. मुकादमांनी विचारलं, “पाटीवर काय लिहायचं ते सांगू का?”

“सांगू नकोस,” आजोबांनी खिशातलं पेन त्यांच्यापुढे धरलं. “या वेळी लिहूनच दे.”