लालवाडीची एकटी गव्हर्नर

मंगळावरच्या लालवाडीत एक विचित्र कायदा होता. आत जो उरेल, तो गव्हर्नर!

आता वस्तीतली झाडून सगळी मोठी माणसं सोलर पॅनलवरची धूळ पुसायला बाहेर पडली, की आत उरायची नऊ वर्षांची वेणू. म्हणजे डोंगर, दऱ्या, वावटळी, सगळं या पोरीच्या हुकमाखाली. फक्त हुकूम ऐकायला माणूस नाही. अख्ख्या ग्रहावर तिच्या वयाचं दुसरं कुणीच नव्हतं.

सोबतीला होता तो स्वयंपाकघरातला यंत्रमानव. आंघोळीचं पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबासारखा दिसायचा, म्हणून नावच बंब. त्याच्याशी लपंडाव खेळण्यात अर्थ नव्हता. कुठेही लपला तरी पोटातली खदखद चालूच!

"बंब, गव्हर्नर म्हणजे कोण रे?" त्या दुपारी वेणूनं काचेला नाक लावून विचारलं. "हुकूम सोडणारा ना? मग मी कुणाला सोडू? त्या दगडाला?"

"सोडून बघा बाईसाहेब. 'हलू नकोस' म्हणा, अजिबात हलणार नाही. फार आज्ञाधारक जात."

वेणू हसली नाही. बंबानं पोटातली खदखद जरा कमी केली.

"तो शब्द मुळात बंगल्यातला नव्हेच," तो म्हणाला. "पाण्यावरचा आहे. त्याचं मूळ सापडतं ग्रीक भाषेत, आणि तिथे त्याचा अर्थ नाव हाकणं, सुकाणू (नावेची दिशा वळवणारी मागची फळी) धरणं. रोमन लोकांनी तो उचलला, त्यांच्याकडून फ्रेंचांकडे गेला, फ्रेंचांकडून इंग्रजांकडे. हातोहात जाताना नाव बुडाली, समुद्र आटला आणि सुकाणूवाल्याचा झाला राज्यपाल!"

"म्हणजे नाव हाकणारा तांडेलच की!"

"बरोब्बर. पुढे वाफेच्या इंजिनावरच्या एका यंत्रालाही गव्हर्नरच म्हणू लागले. फिरत्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले. इंजिन जोरात धावलं की गोळे फाकून वर जायचे आणि वाफेची झडप थोडी मिटायची. इंजिन मंदावलं की गोळे खाली, झडप थोडी उघडी. बघायचं आणि जरासं सुधारायचं. पुन्हा बघायचं. याला म्हणतात प्रत्याभरण (झालेला परिणाम पाहून पुढची कृती बदलणं)."

तेवढ्यात रेडिओ खरखरला.

"लालवाडी! वेणू, ऐकतेयस?" आईचा आवाज होता. "वादळ आलंय. सगळे मागून येतायत, माझी गाडी पुढे आहे. काचेबाहेर नुसता लाल अंधार. तुझ्या पडद्यावर मी दिसतेय ना? वाट सांग!"

पडद्यावर एक हिरवा ठिपका होता. त्याच्या दोन्ही बाजूंना घळी आणि मधून चिंचोळी वाट.

"बंब, तू सांग ना!"

"मला पडदा वाचता येत नाही हो. दूध उतू जातंय का, एवढं बघण्यापुरतेच डोळे दिलेत मला."

ठिपका उजव्या घळीकडे सरकत होता. "आई, डावीकडे!" वेणू ओरडली. ठिपका वळेना. "आणखी डावीकडे! आणखी!" मग तो वळला, तो थेट डाव्या घळीकडेच निघाला. "उजवीकडे! खूप उजवीकडे!" ठिपका झोक्यासारखा झुलू लागला आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा. तिला आई इतकी हवी होती, की ती शब्दांनीच गाडी ओढत होती.

"वेणू, नीट सांग गं," आई म्हणाली.

"बाईसाहेब, हुकूम पुरे," बंब हळूच म्हणाला. "गाडीला वळायला वेळ लागतो. ती वळायच्या आत तुम्ही दुसरं वळण सांगता आणि दोन्ही वळणं एकावर एक बसतात. सुकाणू धरा. जरासं वळवा आणि थांबा."

थांबणं! बोललं नाही की खोली किती मोठी आणि रिकामी वाटते, हे वेणूला ठाऊक होतं. तरी तिनं ओठ दाबून धरले.

"आई, वेग कमी कर. थोडं डावीकडे." ती थांबली. ठिपका हलला. "आता सरळ." पुन्हा थांबली. "किंचित उजवीकडे. बास."

झोके लहान झाले. ठिपका वाटेच्या मधोमध आला आणि तसाच सरकत राहिला.

दार उघडलं तेव्हा आत आलं ते धुळीचं एक गाठोडंच. त्यातून आई निघाली. तिनं वेणूला घट्ट धरलं, मग पडद्यासमोरच्या बाकावर टेकली. "आता मागून येणाऱ्या गाड्या मी बघते, तू जरा..." एवढं म्हणताम्हणताच तिचा डोळा लागला. मान एका बाजूला कलंडली.

वेणूनं ती हलकेच सावरली आणि वाट पाहिली. मान पुन्हा जराशी ढळली. तिनं पुन्हा जराशी सावरली. आता राहिली.

पडद्यावर दुसरा ठिपका उमटला होता. त्याच्यामागे तिसरा.

वेणूनं खुर्ची पुढे ओढली. "बोला," ती रेडिओत म्हणाली. "मी आहे इथे."