सेवेरिनाला न विचारता

नवा फोन घरी आला तेव्हा लिंबर्ट कायिसाया गच्चीवर कपडे वाळत घालत होता. कुरियरवाल्याने खालून हाक मारली. लिंबर्टने ओल्या हातांनीच सही केली, मावशीची चादर दोरीवर अर्धी लोंबकळत सोडली आणि खोका घेऊन तो उन्हात बसला. कंपनीने पारखायला पाठवलेला तिचा सगळ्यांत महागडा फोन होता तो, अजून बाजारात यायचा होता. फोनचे कॅमेरे पारखून चॅनलवर सांगणारे ला पास शहरात बरेच होते, पण लिंबर्टचा शब्द लोक मानायचे. बाकीचे फोन हातात घेऊन नुसतीच बडबड करत. हा दर वेळी तीच जागा, तोच प्रकाश आणि तीच माणसं घेऊन तुलना करायचा.

पांढऱ्या रंगासाठी समोरच्या इयिमानी पर्वतावरचा बर्फ. झूमसाठी डोक्यावरून जाणारी केबलकार, आतल्या माणसाच्या शर्टाची बटणं दिसली की फोन पास. माणसाच्या चेहऱ्यासाठी धाकटी बहीण एदित. आणि बारीक तपशिलासाठी सेवेरिना.

सेवेरिना ही हुस्ता मावशीच्या घरातली कवटी. नाक नसतं म्हणून अशा कवट्यांना तिथे लाडाने नकटी म्हणतात, आणि ती ज्या घरात असते तिथे तिला घरच्यासारखंच वागवतात. डोक्याला लोकरीची टोपी, वर फुलांचा मुकुट, दर सोमवारी मेणबत्ती आणि कोकाची पानं. त्याबदली ती घर राखते. आईवडील बसच्या अपघातात गेले आणि ही दोन भावंडं मावशीकडे राहायला आली, तेव्हा मावशीने त्यांना जेवायला वाढण्याआधी सेवेरिनासमोर उभं केलं होतं. 'ही आता तुमच्याकडे बघेल,' एवढंच ती म्हणाली होती.

कॅमेरा पारखणाऱ्याला सेवेरिनासारखं माणूस शोधून सापडणार नाही. ती हलत नाही, कंटाळत नाही, केसांबद्दल तक्रार करत नाही. हाडावरच्या भेगा कोणत्या फोनला किती दिसतात, हे लिंबर्ट सात वर्षं तिच्यावरच तपासत आला होता. मावशीची अट एकच. आधी विचारायचं. सिगारेट पेटवून तिच्या दातांत द्यायची, काय काढणार ते नाव घेऊन सांगायचं आणि सिगारेट जळेपर्यंत गप्प बसायचं. राख पांढरी पडली तर काढायचा फोटो, काळी पडली तर नाही. लिंबर्टचा यावर विश्वास होता की नव्हता, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण मावशीच्या घरात राहून मावशीचा शब्द मोडण्याइतका तो निर्लज्ज नव्हता. निदान तोपर्यंत तरी.

त्या फोनमध्ये एक नवी करामत होती. चार माणसांचा फोटो काढला की एकाचे डोळे मिटलेले असतात, दुसरा भलतीकडेच बघत असतो. हा फोन एका दमात खूप फोटो काढायचा आणि मग प्रत्येक चेहऱ्यासाठी छोट्या गोलांत चार चेहरे समोर ठेवायचा. आवडेल तो निवडा, तो त्या माणसाच्या धडावर बसलाच म्हणून समजा. हे तपासायला निदान दोन चेहरे हवेत, आणि सकाळच्या वेळी घरात एदितशिवाय कोणी नव्हतं. मावशी बाजारात, शेजारीपाजारी कामावर.

"लवकर आटप, दादा," एदित बाकावर बसत म्हणाली. ती नर्सिंग कॉलेजला निघाली होती. "मला उशीर झाला तर मॅडम मला उभी चिरतील."

"दुसरं कोणीतरी हवंय गं शेजारी."

"मग लग्न कर. मी किती वर्षं पुरणार तुला?"

लिंबर्ट आत गेला आणि सेवेरिनाला तिच्या पेटीतून उचलून घेऊन आला. बाकावर एक उशी ठेवून त्याने तिला एदितच्या खांद्याच्या उंचीवर बसवलं.

एदितचं हसू मावळलं. "तिला विचारलंस?"

"वेळ कुठाय? सिगारेट जळेपर्यंत तुझी मॅडम थांबणार आहे का? नकटीच्या फोटोला सतराशे विघ्नं."

"असं बोलू नकोस. नंतर तरी विचार."

"विचारतो गं बाई. इकडे बघ."

फोटो झाला. एदित सेवेरिनाच्या टोपीवर हळूच हात फिरवून पळाली.

लिंबर्टने फोटो उघडला. चेहरा सापडला की फोन दाखवतो ते पिवळे चौकोन दोन होते, एक एदितच्या चेहऱ्यावर, एक सेवेरिनाच्या. हाडाला चेहरा समजला हे त्याला गमतीचं वाटलं. त्याने सेवेरिनाच्या चौकोनावर बोट ठेवलं. चार गोल उमटले. तीन गोलांत कवटी होती. चौथ्यात एदित होती.

दुसऱ्या कोणाला यात काही वावगं वाटलं असतं. पण दुसऱ्याच्या मालातली खोट काढणं हाच ज्याचा धंदा, त्याला खोट सापडली की घबाड सापडल्यासारखंच होतं. एवढ्या महाग फोनची एवढी ढोबळ चूक, आणि ती सगळ्यांआधी आपल्याला मिळाली! हे चॅनलवर दाखवायचंच, असं ठरवून त्याने चौथा गोल दाबला.

लोकरीच्या टोपीखाली एदितचा चेहरा बसला. कुठे जोड नाही, कडा नाही. टोपीची सावली कपाळावर जिथे पडायला हवी तिथेच पडली होती. शेजारच्या एदितला चेहरा होताच, फक्त तो जरा मऊ आला होता. आपल्या टिपणात त्याने लिहिलं, 'उजवीकडचा चेहरा किंचित धूसर.' आणि फोटो जतन केला.

संध्याकाळी एदित परत आल्यावर त्याने तिला पोर्ट्रेटसाठी खिडकीशी बसवलं. पिवळा चौकोन आला आणि खोलीभर फिरू लागला. पडद्यावर गेला, किटलीवर गेला, एदितवर काही थांबेना. लिंबर्टने आपला जुना फोन काढला. त्याचंही तेच.

"माझाही फोन सकाळपासून मला ओळखत नाहीये," एदित म्हणाली. "चेहरा दाखवला की म्हणतो पुन्हा प्रयत्न करा. तुझ्या त्या महागड्याची साथ लागली वाटतं."

दोघंही हसली. पण दुसऱ्या दिवशी एदित कॉलेजहून लवकर परतली ती रडवेली होऊन. दारावरच्या रखवालदाराने तिला आत सोडलं नव्हतं. ओळखपत्रावरची मुलगी तू नाहीस, असं त्याने ओळखपत्र तीन वेळा खालीवर करून सांगितलं. आणि येताना कोपऱ्यावरच्या आपीवालीकडे ती थांबली, तर लहानपणापासून तिला जांभळी गरम आपी पाजणारी ती बाई म्हणाली, "या ताई. या भागात नवीन वाटतं?"

लिंबर्टने तिच्याकडे नीट पाहिलं. एदितच होती. केस तेच, आवाज तोच, दुखावली की ओठ दुमडायची सवय तीच. तरी नजर तिच्या चेहऱ्यावर टेकेना, सारखी बाजूला घसरत होती. त्याने सात वर्षांचे पोर्ट्रेट उघडले. वेगवेगळ्या फोनांनी काढलेले, सगळ्या प्रकाशातले. कानातले डूल लखलखीत होते, भुवईजवळचे केस मोजता येत होते, आणि मधे चेहरा होता तिथे सगळीकडे तोच मऊपणा होता.

इतक्यात हुस्ता मावशी बाजारातून आली. टोपली खाली ठेवता ठेवता तिने एदितकडे पाहिलं आणि पदर सावरावा तशी खांद्यावरची शाल नीट केली.

"बसा ना," ती आदराने म्हणाली. "लिंबर्ट, पाहुण्या आल्यात आणि पाणी नाही विचारलंस? आमची एदित येईलच इतक्यात. तुम्ही तिच्या कॉलेजातल्या का?"

"मावशी... मीच..." एवढंच एदित म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

लिंबर्टने तो गच्चीवरचा फोटो मावशीसमोर धरला. मावशीने बोट ठेवलं ते टोपीखालच्या चेहऱ्यावर. "ही बघ आपली एदित." मग तिला टोपी दिसली. मग उशी.

"विचारलं होतंस तिला?"

लिंबर्टने मान खाली घातली.

"तिला चेहरा नाही, पोरा. किती वर्षं झाली असतील नसून. आणि तू समोर धरलास, घे म्हणालास. कोण नाही म्हणेल?"

मावशीचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे लिंबर्टला जास्तच भीती वाटली. त्याने फोन मागे घेतला आणि फोटो पुसून टाकला. फोनच्या कचरापेटीतूनही पुसला. आपण काय केलं, हे त्याला आतल्या खोलीत गेल्यावर कळलं. एदित आरशासमोर उभी होती आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गाल चाचपत होती. तिचा चेहरा जिथे धड उरला होता अशी जगातली एकमेव जागा त्याने रिकामी केली होती.

दुसऱ्या दिवशी नकट्यांचा सण होता. वर्षातून एकदा सगळ्या घरच्या कवट्या दफनभूमीत येतात. कोणी टोपलीत, कोणी काचेच्या पेटीत, कोणी बाळासारखं शालीत गुंडाळून आणतं. बँड वाजतो, फुलांच्या पाकळ्यांचा पायाखाली चिखल होतो, हजार सिगारेटींचा धूर त्या लख्ख उन्हात तरंगत राहतो. मावशीने गर्दीतून वाट काढत चॅपलच्या भिंतीशी सतरंजी टाकली आणि सेवेरिनाला मधे ठेवलं. एदित तिच्या शेजारी बसली. मावशी अजून तिला 'तुम्ही'च म्हणत होती. पण रात्रभर लिंबर्टने समजावल्यावर तिने एकच गोष्ट मान्य केली होती. ओळख पटत नसली तरी ही रडणारी मुलगी परकी नाही.

"आता विचार," मावशी म्हणाली. "आणि नुसता फोटो काढायचा नाहीये तुला. परत मागायचंय. तसं माग."

लिंबर्टने गुडघे टेकले. सिगारेट पेटवताना त्याच्या हातातली काडी तीनदा विझली. "सेवेरिना," तो म्हणाला, "माझी चूक झाली. माझ्या बहिणीचं तिला परत दे. तिला शिक्षा नको... मला दे." सिगारेट जळत राहिली. शेजारचा बँड कधी थांबला ते कळलं नाही. राख लांबत गेली, वाकली, पण पडली नाही. ती पांढरी होती.

त्याने त्याच नव्या फोनने फोटो काढला. चौकोन दोन. एदितच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि त्याला हुंदका आला, कारण चारही गोलांत चेहरे होते. स्पष्ट, धारदार, डोळ्यांतल्या पाण्यासकट.

चारही एदितचे होते. आणि चारही वेगळे होते.

एकात हनुवटी जरा रुंद होती. एकात डोळे थोडे जवळ. एकात ओठाच्या कोपऱ्याशी बारीक खळी. फोन विचारत होता, यातला कोणता ठेवू? दोन फोटोंतला तसूभर फरक ओळखण्यावर ज्याची भाकरी, तो लिंबर्ट चार गोलांकडे बघत राहिला. त्याने ताडून पाहायला मान वर केली, तर समोर तो धूसरपणाच होता. त्याने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. रोज सकाळी चहा पिताना समोर असणारा, आईच्या अंत्ययात्रेत त्याच्या शर्टात लपलेला तो चेहरा... खळी होती का तिला?

"मावशी, बघ ना. यातली आपली कोणती?"

मावशीने फोन जवळ घेतला, लांब धरला. "पोरा... सगळ्याच आपल्या वाटतात."

"एदित, तूच सांग. लवकर."

एदित पुढे वाकली. खूप वेळ तिने पाहिलं. "दादा," ती हळू आवाजात म्हणाली, "मला आठवत नाहीये. तू बघायचास ना मला इतकं? तूच सांग."

सिगारेट दातांपर्यंत आली होती, ती विझायच्या आत निवडायला हवं होतं. लिंबर्टने खळीवाली निवडली. का निवडली, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

"अगं एदित, पाकळ्यांत काय बसलीस, स्कर्ट खराब होईल," मावशी म्हणाली. मग स्वतःच तोंडावर हात घेऊन रडायला लागली. लिंबर्टने बहिणीला मिठी मारली. नजर आता घसरत नव्हती. ओठाच्या कोपऱ्याशी खळी पडत होती आणि चेहरा ओळखीचा होता, इतका की आपण इतका वेळ घुटमळलो कशाला, असंच त्याला वाटलं. परतताना आपीवालीने दुरूनच हाक मारली, "काय गं एदिते, दोन दिवस कुठे उलथली होतीस?" आणि एदितने तिला असं काही उत्तर दिलं की सगळी रांग हसली.

घरी आल्यावर लिंबर्टने तो फोन खोक्यात घालून चिकटपट्टी लावली. आतल्या खोलीत एदित कुठल्याशा मैत्रिणीशी बोलत खिदळत होती. ते ऐकत तो मावशीजवळ जमिनीवर बसला. त्याला फार वर्षांनी इतकं बरं वाटत होतं.

मावशी सेवेरिनाचा साज उतरवत होती. मुकुट काढला, टोपी झटकली. नकट्यांच्या डोळ्यांच्या खोबण्यांत कापूस भरलेला असतो, आणि सणाहून परतलं की तो बदलायचा असतो. मावशीने डावीकडचा बोळा चिमटीत धरून बाहेर काढला आणि तिचा हात तसाच थांबला.

दिवसभर पावसाचा थेंब नव्हता. बोळ्यातून पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं.

"दोन दिवस होता तिला चेहरा," ती लिंबर्टकडे न बघता म्हणाली. उजवीकडचा बोळा काढला, दोन्ही वाटीत पिळले आणि कोरडा कापूस भरला. आतून एदितचं हसणं ऐकू येत होतं. ती दोघं तिथेच बसून राहिली, आणि त्यांच्या देखत नवा कापूस हळूहळू भिजत गेला.