एकच पाटली

"चोर कोण ते मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त त्याची बॅग उघडून द्या," महिपतीदादा म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

महाडच्या बाजारपेठेतलं ते एका खोलीचं ऑफिस समीक्षा उतेकरचं. दारावर पाटी होती, 'खाजगी तपास'. बरीचशी कामं लग्नाआधी मुलामुलींची चौकशी करण्याची. आज मात्र थेट लग्नघरातून माणूस आला होता, तोही माजी सरपंच. समीक्षाचे मामा श्रीपतराव, निवृत्त हवालदार, तिची गाडी चालवायचे आणि जमेल तशी मदत करायचे. त्यांना प्रकरण ऐकताक्षणी आवडलं. आयता चोर मिळत असेल तर डोकं कशाला शिणवा, हे त्यांचं नोकरीभराचं मत. शिवाय लग्नघर म्हणजे जेवण आलंच.

"चोर ठाऊक आहे तर माझं काय काम?" समीक्षाने विचारलं.

दादांनी मग सगळी हकीगत सांगितली. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. धाकटा भाऊ गेल्या शिमग्यानंतर वारला. त्याच्या दोन मुली. धाकटी श्रुतिका, तिचं उद्या लग्न. थोरली सेजल, तिने दोन वर्षांपूर्वी महाडच्या बुद्धरत्नशी रजिस्टर लग्न केलं आणि तेव्हापासून घराने तिच्या नावाने पाणी सोडलं. नवराबायको नोकऱ्या सोडून पाठीवर भल्यामोठ्या बॅगा घेऊन देश पाहत फिरत होती. रायगड चढून, पाचाडला मुक्काम करून गोव्याकडे निघालेली ही जोडी श्रुतिकाच्या एका फोनवर वाट वाकडी करून लग्नाला आली.

"ताई नसेल तर बोहल्यावर चढणार नाही म्हणाली पोरगी," दादा म्हणाले. "येऊ दिलं. पण उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवू दिलं नाही. खळ्यावर तंबू ठोकून राहिलेत. सगळ्यांना बजावलंय, त्यांच्याशी कोणी संबंध ठेवला तर हे लग्न मी लावून देणार नाही."

आज सकाळी हळद होती. मागच्या पडवीत रिठ्याच्या पाण्याच्या वाडग्यात सोन्याच्या दोन पाटल्या उजळायला ठेवल्या होत्या. हळद आटपेपर्यंत त्यातली एक नाहीशी झाली. बॅगा दाखवा म्हटलं तर जोडी साफ नाही म्हणाली.

"कर नाही त्याला डर कशाला? पोलीस आणले तर वरपक्षात बोभाटा होईल, म्हणून तुमच्याकडे आलो."

"एकच गेली? दुसरी वाडग्यातच होती?"

"एक काय नि दोन काय, चोरी ती चोरीच."

समीक्षाने एकच अट घातली. जे सापडेल ते ती मांडवात, सगळ्यांसमोर सांगणार. दादांनी ती आनंदाने मान्य केली. त्यांना तेच तर हवं होतं.

वाडीवर पोचल्यावर श्रीपतरावांनी आधी चुलाण्यावर काय शिजतंय ते पाहून घेतलं आणि मग तपासाला लागले. सगळ्यांत आधी भेटल्या दादांच्या पत्नी राजश्रीकाकू. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

पाटल्या कपाटातून काढून वाडग्यात ठेवल्या त्यांनीच. मग वाडीतल्या झाडून साऱ्या सवाष्णींना घेऊन त्या मांडवात हळद लावायला बसल्या. गाणी संपेपर्यंत त्यांच्यातली एकही उठली नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

"आणि सेजल?"

"ती पण होती की. नवऱ्याला घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसली होती, डोळं पुशीत." एवढं बोलून काकू अडखळल्या. "पन मागची पडवी उघडी. कोन कवा जाईल, सांगता येतं का?"

काकूंचा मुलगा हृतिक मुंबईहून चार मित्र घेऊन आला होता. हळद चालू असताना ही पोरं मांडवावर चढून दिव्यांच्या माळा बांधत होती. त्याचा निकाल तयार होता. "सिंपल हाय. बॅग नाय दाखवत, मतलब बॅगमध्ये हाय. त्यांना हाकला, लफडा खतम."

श्रीपतरावांना ते पटलं.

मागच्या चुलीपाशी तुळसाबाई बसल्या होत्या, नवरीची आई. पोटच्या पोरीची हळद, पण नवरा गेलेला, म्हणून मांडवात यायची सोय नव्हती. सकाळपासून इथेच बसून त्या खोबरं किसत होत्या. मदतीला कोणी नव्हतं. किसताना हात पुढेमागे व्हायचे, तेव्हा मनगटांवर वर्षानुवर्षं काहीतरी घातल्याचे फिकट वळ दिसायचे.

"मला काय म्हाईत, बाय," त्या किसणीवरची नजर न काढता म्हणाल्या. "मी हितं मागं."

"लेकीशी बोललात?"

"बोलायचं नाय, असं ठरलंय."

खळ्यावर तंबूपुढे सेजल आणि बुद्धरत्न बसले होते. दोघं दोन वर्षं उन्हातान्हात फिरून रापलेली, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच हट्ट. सेजल म्हणाली, बहिणीचं लग्न पाहिल्याशिवाय ती इथून हलणार नाही. चोर ठरून तर मुळीच नाही.

"मग बॅग उघडून मोकळे व्हा ना," श्रीपतराव म्हणाले.

बुद्धरत्नने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "मी महाडचा आहे, काका. खाली मान घालून उभं राहणं आमच्याकडे शंभर वर्षांपूर्वी बंद झालं. मांडवात आलेल्या प्रत्येक पाहुण्याची बॅग उघडा, पहिली माझी उघडेन. फक्त माझीच उघडायची असेल तर नाही उघडणार."

समीक्षाला ही मागणी एकदम रास्त वाटली आणि तसं तिने मांडवात जाऊन जाहीर केलं. सगळ्यांच्या बॅगा उघडायच्या, दादांच्या ट्रंकेसकट. मुंबईच्या पाहुण्यांनी नाकं मुरडली, हृतिक तणतणला. पण 'कर नाही त्याला डर कशाला' ही दादांचीच म्हण तिने त्यांना ऐकवली, तेव्हा सगळ्यांना गप्प बसावं लागलं.

बुद्धरत्नने शब्दाप्रमाणे आपली बॅग पहिली उघडली. कपडे, स्टोव्ह, दोरी, बाकी काही नाही. मग सेजलने आपली उघडली, आणि वरच्याच कप्प्यातून फडक्याची एक गाठ खाली पडली.

श्रीपतरावांनी ती सोडली. मूठभर पांढरेशुभ्र तांदूळ, एक हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची कोरी वाटी, आणि त्या वाटीत पाटली.

मांडवात एकच गलका झाला. सेजलच्या तोंडचं पाणी पळालं. ही गाठ तिने आयुष्यात पाहिली नव्हती, पण ते ऐकून कोण घेतो?

"झाला निवाडा," दादा म्हणाले. "उचला बोजे आणि चालते व्हा."

"निवाडा अजून व्हायचाय," समीक्षा म्हणाली. "बसा, दादा. सगळेच बसा."

ती मधोमध उभी राहिली. आवाज चढवला नाही, तरी चुलाण्यापर्यंत ऐकू गेलं.

"वाडग्यात दोन पाटल्या होत्या. चोराने एक उचलली आणि दुसरी राहू दिली. मामा, तुमच्या नोकरीत असा चोर पाहिलात?"

श्रीपतरावांनी प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे नेणाऱ्याला एकच हवी होती. दुसरी दुसऱ्या कोणासाठी ठेवली. आता ही गाठ पाहा. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबरं. इथल्या बायांना मी सांगायला हवं का, हे काय आहे ते?"

बायकांमध्ये चुळबुळ झाली. कोणीतरी हळूच म्हणालं, "ओटी."

"ओटी. चोर चोरलेल्या सोन्याची ओटी भरत बसत नाही. सेजल स्वतःची ओटी स्वतः भरणार नाही. तिला अडकवायचं असतं तर नुसती पाटली बॅगेत टाकून भागलं असतं, हळकुंड-सुपारी कोण शोधत बसेल? शिवाय हळद संपेपर्यंत ती नवऱ्यासोबत मांडवात होती, हे काकूंनीच सांगितलंय. या घरात कोणीतरी सेजलला अजून माहेरवाशीण मानतं. त्या माणसाने, तंबू रिकामा असताना, लपून तिची ओटी भरली."

"सवाष्णीपैकीच कोनीतरी मग," राजश्रीकाकू इकडेतिकडे बघत म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात, एकही सवाष्ण उठली नव्हती. आणि ही वाटी पाहा, काकू. तुम्ही ओटी भरलीत तर आधी काय कराल?"

काकूंनी वाटीकडे पाहिलं आणि त्यांचा हात आपसूक कपाळाकडे गेला. "कुंकू लावीन."

"इथे कुंकवाचं बोटसुद्धा नाही. लग्नघरात कुंकवाला काय तोटा? पण त्या हाताला कुंकवाला शिवायची चोरी होती. हळद चालू असताना मागे एकटा असलेला हात एकच. दादा, आता मला सांगा, या पाटल्या आधी कोणाच्या मनगटावर होत्या?"

"घरातल्या आहेत," दादा गुरगुरले. "घरातलं सोनं ते घराचं."

"माज्या हायत."

सगळ्या माना वळल्या. तुळसाबाई मागच्या दारातून आल्या होत्या, हाताला खोबऱ्याचा कीस तसाच. मांडवाच्या कडेशी त्या क्षणभर थांबल्या आणि मग सरळ आत आल्या, सेजलच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मालक गेलं त्याच दिशी तुमी ह्या हातातनं काढून कपाटात घातल्याव, भावजी. मी काय बोल्ले नाय. दोन पोरी, दोन पाटल्या. एक धाकटीला ठेवली, एक थोरलीच्या वटीत घातली. यात चोरी कसली?"

"मग सकाळपासून मूग गिळून का बसलीस?"

"तुमी लगीन मोडीन म्हनलाव म्हनून." त्यांनी हातावरचा कीस झटकला. "तिला वाटंत बॅग उघडल्यावर कळंल, असं मनात होतं. झडती होईल हे ध्यानीमनी नव्हतं. पन आता माज्या पोरीला चोर ठरवून हाकलताय, मग मी कशाला भिऊ?"

सेजलने आईला मिठी मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा. बुद्धरत्नने वाकून नमस्कार केला, तेव्हा तुळसाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. आतल्या खोलीतून हळदीने माखलेली श्रुतिका बाहेर आली, कोणी अडवायच्या आत आईचा दुसरा हात धरून उभी राहिली. श्रीपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सकाळपासून आपण साप साप म्हणून भुई धोपटत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

महिपतीदादा मात्र ताठ उठले. "ठीक आहे. मग उद्या कन्यादानाला कोण बसतो बघू. मी या मांडवात पाय ठेवणार नाही."

"पोर माजी हाय. तिचा हात मीच देनार," तुळसाबाई म्हणाल्या.

"तू? लोक काय म्हणतील?"

"लोक जेवायला येनार, जेवून जानार. थोरला जावई माज्या शेजारी उभा राहील." त्यांनी पदर खोचला. "तुमी या, भावजी, तुमचा मान हाय. पन नाय आलाव तरी मुहूर्त टळायचा नाय."