बुबुळाभोवतीची कडा

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. आदल्या संध्याकाळी आम्ही चष्म्याच्या दुकानात होतो आणि ते फ्रेमवरून हुज्जत घालत होते.

"ही नको. हिच्यात मी हेडमास्तर दिसतो."

"तुम्ही हेडमास्तरच होतात, बाबा."

"होतो ना? मग आता जरा माणसासारखं दिसू दे."

काउंटरपलीकडचा माणूस हसला. डोळे तपासणारा तोच, चष्मे बसवणाराही तोच. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात इवलासा स्क्रू-ड्रायव्हर. बाबांच्या कानामागे काडी बसवताना त्याची नजर माझ्याकडे वळली. वळली… आणि राहिली. मी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला घेतली, अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत. परत पाहिलं तरी तो माझ्याकडेच बघत होता.

"यांचेही डोळे बघायचेत का?" त्याने विचारलं.

"तिचे कशाला?" बाबा म्हणाले. "पुस्तकं छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायचं काम करते ती. माझीसुद्धा एक सोडत नाही."

बाहेर पडल्यावर त्यांनी मला कोपर मारलं. "काय गं ठमे, चष्मा माझा होता ना?"

"मग?"

"नाही, तो तुझ्याकडे बघून बसवत होता म्हणून विचारलं. नाकावर तिरका बसला तर सांगेन त्याला."

घरी येईपर्यंत ते हेच घोळवत होते. सकाळी फिरायला जायचं म्हणून बूट घालायला खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

घर भेटायला येणाऱ्यांनी भरलं आणि रिकामं झालं. अशाच एका रिकाम्या दुपारी आईने त्यांच्या औषधांचा डबा माझ्यापुढे ठेवला.

"कोलेस्टेरॉलची गोळी रोज कुठे घेत होते? पोटऱ्या दुखायच्या त्यांच्या. मग सोडून द्यायचे. रक्त तपासायचं जवळ आलं की महिनाभर आधी परत सुरू. रिपोर्ट फर्स्ट क्लास. डॉक्टर खूश."

"तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की. 'पास झालो ना?' म्हणायचे."

परीक्षेच्या तोंडावर अभ्यास करू नका, म्हणून जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडलेला माणूस. हसू आलं मला, आणि मग ते आवरता येईना. आमच्या घरी दुखणं सांगायची पद्धत नव्हती. शिंकसुद्धा आम्ही आतल्या खोलीत जाऊन द्यायचो.

मग दुकानातून फोन आला. चष्मा तयार आहे. मी एकटीच आणायला गेले.

"बाबा नाही आले?" त्याने विचारलं.

"नाही." मी म्हणाले. "ते गेले."

तो काउंटरला वळसा घालून आला, स्टूल पुढे सरकवलं. मी बसले. चष्म्याची डबी त्याच्या हातात तशीच होती.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "खरं तर त्याच दिवशी… पण तुमच्या वडिलांसमोर नको वाटलं."

माझ्या छातीत धडधडलं. घरात अजून माणसं हळू आवाजात बोलत होती, आणि मी इथे लाजायच्या तयारीत. स्वतःचाच राग आला.

"तुमच्या बुबुळाभोवती पांढुरकी कडा आहे. बारीक आहे. उतारवयात ती कुणाच्याही डोळ्यात येते, त्याचं काही नाही. पण तुमच्या वयात दिसली तर रक्तातलं कोलेस्टेरॉल बघून घ्यावं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुम्ही ती बघत होतात."

"हो."

"एवढा वेळ?"

त्याने डबी उगाच कापडाने पुसली. "आधी ती," तो म्हणाला. "मग… नुसतेच डोळे."

रिपोर्ट वाईट आला. डॉक्टरीणबाई तो वाचताना चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या.

"हे वडिलांकडून आलंय. तळलेलं कमी कर, चाल, वजन सांभाळ, सगळं करायचंच आहे. पण नुसत्या तेवढ्याने हा आकडा उतरेल असं मला वाटत नाही. गोळी लागेल."

"आधी गोळीशिवाय बघू का?"

"तीन महिने बघ. त्यापुढे हट्ट नाही. आणि गोळी सुरू केली की पाय दुखले तरी मनाने बंद करायची नाही. मला सांगायचं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते." त्या थांबल्या. "लग्न ठरतंय का कुठे? मूल हवं असेल तर आधी येऊन भेट. तेव्हा ही गोळी थांबवावी लागते."

नाही, असं मी पटकन म्हणाले. फारच पटकन.

आकडा त्याला सांगितला, तेव्हा तो दुकानाचं शटर ओढत होता. "चला," म्हणाला, "मीही येतो रोज चालायला. माझं पोट बघितलंत ना?"

"बघितलं."

"जरा विचार करून तरी सांगायचं."

नदीकाठच्या रस्त्याने आम्ही चालू लागलो. तो चालताना सारखा बोलायचा, आणि मी एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी चाचपत असायचे. धाप लागली की वाटायचं, हेच ते. तो हसला की धडधडायचं, तेव्हाही आधी बाबाच आठवायचे. प्रेमात पडताना कुणी इतकं घाबरत असेल का?

"तुम्ही सारखं मनगट का धरता?" त्याने एकदा विचारलं.

"घड्याळ सैल झालंय."

"घड्याळ त्या हातात आहे." मग थोड्या वेळाने, "आणि ते 'तुम्ही' बंद करू या का? मला अजून चष्मा विकतोय असं वाटतं."

लोणी दोघांनी सोडलं. बेकरीवरून जाताना मात्र तो मान वळवून बघायचा.

"जुनी ओळख?" मी विचारायचे.

"लग्न होता होता राहिलं आमचं," तो उसासा टाकायचा.

तीन महिन्यांनी आकडा जरासा खाली आला होता. जरासाच. मी रोज चालले होते, रोज कोरडे ओट्स गिळले होते, आणि तरीही. गोळी सुरू झाली.

मग एका सकाळी बिछान्यातून उतरताना पोटऱ्यांत कळ आली. दुसऱ्या दिवशीही. जिन्यावर कठड्याला धरून मी उभी राहिले. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "रविवारी आई येतेय माझी. भेटशील? म्हणजे… भेटावंस असं मला फार वाटतंय."

रविवारी सकाळी गोळी तळहातावर घेतली आणि परत ठेवून दिली. थोडे दिवस बंद ठेवली तर काय होतंय? तपासणीआधी पुन्हा सुरू करता येईल. कुणाला कळणार नाही. युक्ती तर घरचीच होती.

त्याची आई दुपारी येणार होती, म्हणून आम्ही सकाळीच चालायला निघालो. तो पुढे पुढे, आई काय विचारेल ते सांगत. मी मागे पडत गेले.

"आज गाडी हळू का?"

"चप्पल चावतेय."

तो तिथेच रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसला, माझ्या चपलेचा पट्टा सारून बघू लागला. "कुठे गं? काहीच लागलेलं नाही."

त्याचा वाकलेला माथा मला वरून दिसत होता. सुरुवातीला बाबाही आईला असंच काहीतरी सांगत असतील. चप्पल, जिना, हवा. आणि आई वाकून बघत असेल…

"पोटऱ्या दुखतात," मी म्हणाले. "गोळीने. आज मी घेतली नाही ती."

त्याने मान वर केली. "डॉक्टरांना सांगितलंस?"

"उद्या सांगते. आधी तू ऐक."

तो उठू लागला, तर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तसंच बसवलं. तो उभा राहिला असता तर मला बोलता आलं नसतं.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "रोज वाटते. बाबांसारखी खुर्चीतच बसून राहीन अशी वाटते. मूल होईल का, झालं तर त्याच्याही डोळ्यात ही कडा येईल का, याची वाटते. आमच्या घरात हे कुणी कधी कुणाला म्हणालं नाही. बाबांनी आईला नाही, मी बाबांना नाही. आणि भीती वाटते ना, तेव्हा दरवेळी… तू हवा असतोस मला. तू हवा आहेस."