व्हरांड्यातली शेवटची जागा

कंदील तुमच्याच बाजूला राहू द्या. मला बोलायला उजेड लागत नाही.

उद्या सकाळी तुम्ही रुजू व्हाल, तेव्हा मोठे सर तुम्हाला स्वतः शाळा फिरवून दाखवतील. मुख्याध्यापक असूनही नव्या शिक्षकाचं दप्तर स्वतः उचलतात, इतका नम्र माणूस. ते ऑफिसातली काचेची कपाटं दाखवतील, त्यातल्या शिस्तीच्या ढाली दाखवतील. मग म्हणतील, "ऐका." तुम्ही कान द्याल. काहीही ऐकू येणार नाही. शेकडो मुलं असलेल्या शाळेत भरदुपारी फक्त छपराचा पत्रा तापून कडकडतो. "ही आमची कमाई," ते म्हणतील. मलाही असंच म्हणाले होते.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. माझे खडू संपले होते, म्हणून तास चालू असताना ऑफिसातून डबा आणायला निघालो. लांब व्हरांडा, एका बाजूला वर्गांची दारं, दुसऱ्या बाजूला कठडा आणि मैदान. दारांमधल्या भिंतीकडे तोंड करून पाच-सहा मुलं उभी होती. हात मागे, कपाळ भिंतीला टेकलेलं. भिंतीवर ठिकठिकाणी तेलकट डाग होते, कुठे कमरेएवढ्या उंचीवर, कुठे छातीएवढ्या. वर्षानुवर्षं कपाळं टेकून टेकून पडलेले. दर उन्हाळ्यात चुना मारतात, दर वर्षी ते पुन्हा उमटतात.

एक डाग मात्र सगळ्यांपासून लांब होता, अगदी टोकाला, शेवटच्या खांबापाशी. तिथे कुणीच उभं नव्हतं आणि तरी तो ओला दिसत होता. मी पाहत होतो तेवढ्यात लहान वर्गाची रांग पाण्याच्या टाकीकडे निघाली. खांबापाशी आल्यावर प्रत्येक मूल मुकाट्याने बाजूला सरलं, पाठमोऱ्या माणसाला धक्का लागू नये म्हणून आपण सरतो तसं, आणि पुढे जाऊन पुन्हा रांगेत आलं.

शिक्षकांच्या खोलीत मी विचारलं, तर खेळाचे सर हसले. त्यांना मुलं 'शिट्टी सर' म्हणतात, कारण शिट्टी गळ्यात घालूनच ते जेवतात, आणि बहुतेक झोपतातही.

"अहो नवे सर, डाग कसले मोजत बसलात? इथली रीत तेवढी लक्षात ठेवा. ज्याने उभं केलं, त्यानेच सोडायचं. 'वर्गात ये' म्हणायचा हक्क त्याचा एकट्याचा. दुसऱ्याच्या पोराला आपण हात लावायचा नाही. नाहीतर पोरं आपल्यात भांडणं लावून मोकळी!"

"आणि तो सर विसरला तर?"

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. "विसरत नाही कोणी," म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

मी कुणाला उभं करणार नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं. माझ्या वर्गात मुलं बोलायची, हसायची, एकाच वेळी चौघं उत्तर द्यायची. शेजारच्या वर्गातले सर भिंतीवर डस्टर आपटायचे. मला तो गोंगाट आवडायचा. मी कॉलेजातून अशा शाळा बदलायच्या म्हणूनच आलो होतो, आणि एका वर्षात बदलतील अशी माझी खात्री होती. हसा तुम्ही.

त्या गोंगाटात एकच मुलगी गप्प असायची. दहावीतली, सायकल दुरुस्त करणाऱ्याची धाकटी. तिला सगळे 'भिंगरी' म्हणायचे, कारण बाकी प्रत्येक तासाला ती कहर करायची. इंग्रजीच्या तासाला मांजर होऊन ओरडली. गणिताच्या बाईंची खुर्ची उलटी करून ठेवली. एकदा भर तासात जाऊन शाळा सुटल्याची घंटा दिली. रोज कुणी ना कुणी तिला बाहेर काढायचं. ती बाहेर गेली की थेट शेवटच्या खांबाकडे जायची आणि त्या ओल्या डागाशेजारी कपाळ टेकून उभी राहायची. तिथे उभं राहायला दुसरं कुणी धजत नव्हतं, त्यामुळे कुणी तिला हटकतही नव्हतं.

मी एकदा जवळून जाताना ऐकलं. ती कुजबुजत होती. बाबांच्या दुकानात काय झालं, घरी काय केलं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं. मधेच थांबायची, जणू समोरून काही विचारलं जातंय, आणि मग फिसकन हसायची.

"माझ्या तासाला का गं उभी राहत नाहीस?" मी थट्टेने विचारलं.

"तुम्ही उभं करतच नाही. मग उगाच कशाला त्रास द्यायचा?" मग भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई एकटी असते ना, सर."

तिने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत सांगतो, कारण माझे शब्द मला पुरत नाहीत.

"मी पाचवीत, ताई आठवीत. शेवटचा पेपर होता. सकाळच्या रांगेत ताई हसली. मीच तिला हसवलं होतं. मोठ्या सरांनी तिला इथे उभं केलं आणि ते गाडीत बसून गेले. ढाल आणायला. शिस्तीची. इथे दुपारनंतर ऊन येतं, सर, तुम्ही बघता ना? सगळ्या सरांनी तिला पाहिलं. बाईंनी पाहिलं. पण त्यांची नव्हती ना ती, मोठ्या सरांची होती. पेपर झाला, सगळे घरी गेले. मी म्हटलं, 'ताई, चल.' तर म्हणाली, 'सर आले की येते, तू हो पुढे.' संध्याकाळी शिपाईमामांनी खांद्याला हात लावला. तोपर्यंत उभीच होती. हात लावल्यावर पडली."

"आणि मोठे सर?"

"ती घरीच तापाने गेली, असं ठरलं."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. बाबांनीपण." ती डागाकडे वळली. "सर, तुम्ही त्यांना सांगा ना. एकदाच इथे येऊन तिला सोडा म्हणावं. मी तिला घरी घेऊन जाईन."

माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पण त्या डागाची उंची मी पाहिली. भिंगरी ज्या कपाळाशेजारी कपाळ टेकत होती, ते तिच्यापेक्षा चार बोटं वर होतं. आठवीतल्या मुलीचं नव्हतं ते.

"आधी एवढा वर नव्हता," भिंगरी म्हणाली. "ताई वाढतेय."

घंटेच्या त्या प्रकारानंतर भिंगरीला शाळेतून काढायचं ठरलं. शनिवारी दुपारी पालकसभा बोलावली. बोर्डाची परीक्षा तोंडावर, आसपास दुसरी शाळा नाही. नाव कापलं की तिचं शिक्षण संपलं. शाळा हातची गेली असती आणि तो खांबही.

सभा मोठ्या खोलीत भरली. दुकानदार, शेतावरचे, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या बायका, सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते. मोठे सर हळू, मऊ आवाजात बोलत होते. एका मुलीपायी शाळेचं नाव जातं. शिस्त म्हणजे प्रेमच. माना हलत होत्या.

मी उभा राहिलो. "सर, तिचं नाव कापायची गरज नाही. तुम्ही फक्त माझ्याबरोबर व्हरांड्यात चला आणि तिच्या बहिणीला सोडा."

खोलीतला पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"कोणाला?" मोठ्या सरांनी विचारलं.

"जिला तुम्ही उभं केलंत, तिला. दोन शब्द आहेत, सर. तुमचे विद्यार्थी रोज तिला वळसा घालून जातात. तुम्हीही घालता. मी पाहिलंय."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण त्यामागचा माणूस गेला. "ते मूल घरी, आजाराने गेलं," ते म्हणाले. "तिचे वडील इथेच बसलेत. विचारा."

सायकलवाला शेवटच्या बाकावर होता. नखांत काळं वंगण, हातात टोपी चुरगळलेली. मी त्याच्याकडे पाहिलं. अख्खी खोली वळून पाहत होती.

"घरीच होती, सर," तो म्हणाला. "ताप होता." मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "बसा तुम्ही. कशाला उकरताय? धाकटीला निदान माफी मागून आत घेतील."

"मागेल का माफी?" मोठ्या सरांनी विचारलं.

"मागेल, मागेल."

"मग बघू," मोठे सर म्हणाले. आणि मग त्यांनी तिचं नाव कापल्याचं जाहीर केलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सायकलवालाही वाजवत होता. त्याला बहुतेक कळलंच नव्हतं.

मी तरातरा बाहेर आलो. संतापाने मला समोरचं दिसत नव्हतं. ऊन उतरून व्हरांड्यात शिरलं होतं, भिंत पिवळी झाली होती. भिंगरी शेवटच्या खांबापाशी उभी होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"आले का मोठे सर?"

मी त्या डागासमोर गेलो. मोठ्या सरांना, त्या टाळ्यांना, सगळ्या गावाला ऐकू जावं म्हणून मी ओरडलो, "वर्गात ये!"

आधी वास आला. केसांच्या तेलाचा आणि उन्हात तापलेल्या चुन्याचा. मग भिंतीतून बारीक आवाज, ओला चिकटलेला कागद हळूहळू सोलावा तसा. डाग माझ्या डोळ्यांदेखत कडांपासून सुकत गेला... मधोमध एवढासा राहिला... आणि भिंत पांढरी झाली. माझ्या दंडाला काहीतरी चाटून गेलं. थंड नव्हतं. तापलेलं होतं, तापाचं अंग असतं तसं. माझ्या वर्गाचं दार पावसाळ्यापासून फुगून बसलं होतं, खांद्याने ढकलावं लागायचं. ते आपोआप उघडलं. आत, अगदी मागचं बाक करकरलं.

"सर..." भिंगरी भिंतीला हात लावून चाचपत होती. "सर, हे काय केलंत?"

"सोडलं तिला."

"घरी सोडायचं होतं ना, सर..." ती उघड्या दाराकडे बघत होती. "घरी जा म्हणायचं होतं. तुम्ही तिला परत शाळेतच बोलावलंत..."

सोडायचा हक्क माझा नव्हता; तरी इतक्या वर्षांत ते कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून ती आली. मला दुसरे शब्द सुचलेच नाहीत. एवढी पुस्तकं वाचून आलो, आणि तोंडातून निघाली ती त्यांचीच भाषा. मी धावत वर्गात गेलो. "घरी जा," म्हणालो. "बाळ, घरी जा." ऊन बाकांवर पडलं होतं. मागच्या बाकावर, मधोमध, एका मुलीच्या जागेपुरतं पडलं नव्हतं.

सोमवारी भिंगरीच्या हातात दाखला दिला. तिला मामाकडे पाठवलं, ती तिथे कुठल्याशा दुकानात उभी असते म्हणे. त्यानंतर इतकी वर्षं मी रोज शाळा सुटताना शेवटच्या बाकाकडे बघून सांगतो, घरी जा. मुलं उठतात, पळतात. ते बाक करकरत नाही. न्यायला येणारी एकच होती, तिला आम्ही घालवलं.

माझा वर्ग आता शाळेत सगळ्यात शांत असतो. मी काही केलेलं नाही. त्या सोमवारी आत शिरलो तेव्हापासून मुलं बोलत नाहीत, मागे वळून बघत नाहीत. मी विनोद सांगतो. कुणी हसत नाही. हसायचं नसतं हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. मोठे सर परवा दारात थांबले, ऐकलं, आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

राजीनामा देऊन निघून जा, असं तुम्ही म्हणाल. बोलावलेल्या मुलीला वर्गात ठेवून कसा जाऊ?

आणि फळ्याचंही तुम्हाला सांगायला हवं. फळ्यावर एका जागी खडू उठत नाही, घसरतो. हात लावला की तेलकट लागतं. दिवाळीची म्हणा, उन्हाळ्याची म्हणा, दर सुट्टीनंतर ती जागा थोडी वर सरकलेली असते. आता ती माझ्या कपाळाला येऊन भिडली आहे.

काल शाळा सुटल्यावर मी फळा पुसायला वळलो. तेव्हा ऊन होतं. शिपाईमामांच्या हाका ऐकू आल्या तेव्हा बाहेर अंधारत होतं, पाय सुजले होते, हात मागे बांधलेले होते आणि कपाळ फळ्याला टेकलेलं होतं. मामा दारात उभे राहून हाक मारत होते. मला वळता येईना. त्यांच्या हाकेने मी सुटलो नाही. इथली रीत तुम्हाला सांगितलीच आहे.

बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "वर्गात या, सर."

आवाज मुलीचा नव्हता. चांगल्या मोठ्या बाईचा होता.