मूल बाहेर न्या

सत्त्याण्णव साली दहिवडीत अंगणवाडीच्या बायकांचं प्रशिक्षण टीव्हीवरून चालायचं. शाळेच्या गच्चीवर डिशची मोठी छत्री, वर्गात टीव्ही आणि टीव्हीत लांबच्या शहरातल्या स्टुडिओतले सर. शंका फोनवरून विचारायच्या. सर आम्हाला दिसत, आम्ही सरांना दिसत नसू. सरकारी योजनेत बहुधा एवढी ओळख पुरते. केंद्रप्रमुख मी होतो, कारण फोनला न घाबरणारा शाळेत मी एकटाच.

पहिल्या शनिवारी हरणाबाईचं तान्हं पोरगं फोनजवळ रडलं. सर वैतागले. "दहिवडी, मूल बाहेर न्या. या गोंगाटात कसं शिकवायचं?"

पुढच्या शनिवारी ती पोराला माळावरच्या वस्तीवर, पत्र्याच्या घरात, एकट्या सासूकडे ठेवून आली. तास बुडला तर नाव कमी होणार होतं, आणि घरात पगार तेवढा तिचाच.

तिनं शंका विचारायला फोन घेतला. सर थांबले.

"दहिवडी, मूल पुन्हा आणलंत?"

"आवं, न्हाई आणलं."

"मग रडतंय कोण?"

मागच्या रांगेतली दगडाबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आमचं सर रडत आसतील. च्या न्हाई मिळाला अजून!"

बायका हसल्या. मीही हसलो. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, टेबलावरून घोंगडं सोडलं आणि हरणाबाईला फोनसकट त्याखाली बसवलं.

सर मान तिरकी करून ऐकत राहिले.

"फार रडतंय हो. घसा बसलाय त्याचा."

आता कोणी हसलं नाही.

"हां, थांबलं," सर म्हणाले. "विचारा प्रश्न."

घोंगडं बाजूला झालं. हरणाबाईचा चेहरा घामानं भिजला होता.

"का थांबलं? आवं सर, इचारा की त्यांस्नी, का थांबलं?"

फोन माझ्या हातात कोंबून ती दाराकडे धावली.

"बाई, नाव कमी होईल!"

"हू दे!"

चपला दारातच राहिल्या.

मी खिडकी उघडली. भर उन्हात ती माळ तुडवत पळत होती. वस्ती टेकाडापलीकडे.

फोन कानाला लावला. खरखर. मग पत्र्याचं दार वाजलं. आणि अगदी जवळून, धापा टाकत, हरणाबाईचा आवाज.

"आले रं माझ्या राजा. आले."

मी बाहेर पाहिलं.

ती कोरड्या ओढ्यापाशी थांबली होती. वस्तीकडे तोंड करून, नुसती उभी.

टीव्हीतले सर हसले.

"आता कसं स्पष्ट ऐकू येतंय. दहिवडी, फोन ठेवू नका."